एरर आली तरच विंडो उघडू दे

प्रश्न: ताई, मी डिप्लोमाला आहे, कॉलेज ऐरोलीला, सी प्लस प्लसचा सगळा अभ्यास व्हीएस कोड ह्या एडिटरमधे करतो. लॅपटॉपचा स्क्रीन लहान आणि बिल्डसाठी कंट्रोल शिफ्ट बी दाबलं की दरवेळी खालून टर्मिनल वर येतं, काही चुकलेलं नसलं तरी, आणि अर्धा कोड झाकला जातो. वैतागून रिव्हीलला, म्हणजे टर्मिनल कधी दाखवायचं त्या सेटिंगला, नेव्हर केलं तर आता कंपाईल फेल झालेलं कळतच नाही, जुनाच प्रोग्रॅम रन करत बसतो. माझा मित्र विम नावाचा दुसरा एडिटर वापरतो, त्यालाही असंच काही हवंय.
– एक विद्यार्थी, कळवा

उत्तर: आधी ते नेव्हर काढ बाबा, शिकत असताना एरर लपवणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. मूळ सेटिंग ऑल्वेज असतं म्हणून टर्मिनलचं पॅनेल दरवेळी उघडतं, पण ह्या दोन्हीच्या मधे सायलेंट नावाचा तिसरा पर्याय आहे आणि तुला तोच हवाय. प्रोजेक्टच्या डॉट व्हीएसकोड फोल्डरमधे टास्क्स डॉट जेसन फाईल असेल, त्यात तुझ्या बिल्ड टास्कच्या प्रेझेंटेशनमधे रिव्हीलला सायलेंट कर, आणि प्रॉब्लेम मॅचरला, म्हणजे कंपायलरच्या आउटपुटमधून एरर ओळखणाऱ्या नियमाला, डॉलर जीसीसी आहे ना ते बघ. आता टास्क एरर देऊन संपला किंवा मॅचरला आउटपुटमधे एरर सापडली तरच टर्मिनल वर येईल. नुसत्या वॉर्निंगला येणार नाही हां, त्यांचा आकडा खाली स्टेटस बारवर दिसतो, तिकडे लक्ष ठेव, वॉर्निंग सोडून द्यायची सवय फार वाईट.

एक जागा सांभाळ. बरेच जण एकाच टास्कमधे कंपाईल आणि रन दोन्ही कोंबतात, मग प्रोग्रॅम सी-इनवर इनपुटची वाट बघत थांबतो आणि सायलेंटमुळे पॅनेल बंदच, आपल्याला वाटतं हँग झालं. म्हणून बिल्ड वेगळा ठेव सायलेंटवर, आणि रनचा टास्क वेगळा, तो ऑल्वेजवर. आणि स्वतःची स्क्रिप्ट टास्क म्हणून चालवत असशील तर शेवटी नुसतं एको डन लिहू नकोस, कारण स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना परत जाणारा आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शेवटच्या कमांडचा असतो, आधी सगळं फुटलं तरी शून्यच जातो आणि मॅचर नसेल तर एडिटरला वाटतं सगळं ठीक. कमांड डबल अँपरसँडने (&&) जोड, म्हणजे एक फुटली की पुढची चालतच नाही.

झालं की एखादा सेमीकोलन मुद्दाम उडवून बिल्ड कर, पॅनेल वर आलंच पाहिजे. वर आलेलं पॅनेल कंट्रोल जे ने खाली जातं.

मित्राला सांग, विममधे मेक (बिल्डची कमांड) झाल्यावर सीओपन ऐवजी सीविंडो कमांड दे. सीओपन क्विकफिक्सची, म्हणजे एररच्या यादीची, विंडो कायम उघडतं, सीविंडो फक्त एरर असल्या तरच, आणि सगळ्या दुरुस्त होऊन परत मेक केलं की हीच कमांड उघडी विंडो बंद पण करते. विमआरसी ह्या सेटिंगच्या फाईलमधे ऑटोकमांडला (आपोआप चालणाऱ्या कमांडला) जोडली की हाताने टाईप करायलाही नको.