८५ पीएस की ११० पीएस? आधी पॉलिसीची तारीख बघा

बडोद्याच्या मांजलपूर भागातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४२, मकरपुरा जीआयडीसीतल्या कंपनीत नोकरी, हातात पडणारा पगार ७८ हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्याचे ९ हजार येतात. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ८, वडील ७३, आई ६८. गृहकर्जाचे १६ लाख बाकी, हप्ता साडेएकोणीस हजार. मुलांच्या फीसकट घरखर्च ४५ हजार. दारात २०१३ ची वॅगनआर आहे, पण तिच्यात सहा जण मावत नाहीत.

प्रश्न असा: "मला पहिल्यापासून लांब, मागे भरपूर सामान राहील अशी इस्टेट टाइप गाडी आवडते. रेनॉ कंपनीच्या दोन जुन्या डिझेल लॉजी बघितल्या आहेत. एक २०१६ ची, ८५ पीएस (इंजिनाची ताकद), जीजे-०६ पासिंग, ७८ हजार किलोमीटर, ४ लाख ४० हजार. दुसरी २०१७ ची, ११० पीएस, दिल्ली पासिंग, ६२ हजार किलोमीटर, ५ लाख ३० हजार. नाशिकला जाताना सापुताऱ्याचा घाट लागतो. जास्त पॉवरसाठी ९० हजार द्यावेत का? वर्षाला आठेक हजार किलोमीटर होतील. ३ लाख एफडीतून देणार, उरलेले २ लाख ३० हजार बँकेचं कर्ज, १३ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. बँकेतल्या मॅनेजर मॅडमनी कर्जाचं काम पटकन करून दिलं. त्यांच्याच सांगण्यावरून मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी वर्षाला दीड लाखाची गॅरंटीड पॉलिसीही घेतली, पहिला हप्ता एफडी मोडून भरला. पेपर्स बारा दिवसांपूर्वी घरी आले. मेव्हणे म्हणतात, लग्नसराईत गाडी भाड्याने दिली की हप्ता सुटेल."

पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला ई-मेल केली, कारण यातली एक गोष्ट थांबणारी नाही. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. तुमचे बारा गेले, अठरा उरले. गाडी पुढच्या महिन्यातही मिळेल, पुढच्या वर्षीही मिळेल. हे अठरा दिवस गेले की पुढची नऊ वर्षं दीड-दीड लाख भरत राहायचं, नाहीतर भरलेल्यातला बराचसा पैसा सोडायचा, एवढेच मार्ग उरतात.

पॉलिसीच्या कागदांत फायद्याचं कोष्टक असतं, त्यावर तुमची सही घेतलेली असते. ते पान काढून समोर ठेवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसतंय: दहा वर्षं दीड लाख भरायचे, पंधराव्या वर्षाच्या शेवटी साडेपंचवीस लाख मिळणार. मॅडमनी सांगितलं, पंधराचे साडेपंचवीस, म्हणजे सत्तर टक्के फायदा. पण हे सत्तर टक्के पंधरा वर्षांतले आहेत. वर्षाचा हिशेब केला तर जेमतेम पाच टक्के पडतात. हाच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकला आणि नंतरची पाच वर्षं खातं चालू राहण्यापुरते पाचशे रुपये भरले, तर आजच्या ७.१ टक्के दराने साधारण साडेएकतीस लाख होतात. सहा लाखांचा फरक आहे, आणि पीपीएफमागे सरकार उभं आहे.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पॉलिसी मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी म्हणून विकली. मुलगा १३ चा आहे, त्याची फी पाच वर्षांनी सुरू होईल. पॉलिसीचे पैसे येतील तेव्हा तो २८ वर्षांचा असेल. पत्रात मुलाचं वय तुम्हीच लिहिलंय, फॉर्मवरही ते असणार. ते वय दिसत असताना ज्यांनी ही पॉलिसी पुढे सरकवली, त्यांचा मला मनापासून राग येतो.

टॅक्स वाचेल, असंही तुम्हाला सांगितलं गेलं. नव्या करपद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स लागतच नाही. तुमच्या हातातला पगार बघता तुम्ही त्या मर्यादेत बसता. शिवाय विम्याच्या हप्त्यावरची ८०सीची वजावट नव्या पद्धतीत मिळतच नाही. मग वाचणार कुठला टॅक्स?

आता विम्याकडे विमा म्हणून बघू. या पॉलिसीत जोखमीचं कवच १५ लाखांचं आहे. तुमच्या डोक्यावर १६ लाखांचं गृहकर्ज आहे. उद्या तुम्हाला काही झालं, तर विम्याचे सगळे पैसे बँकेकडे जातील आणि वर लाखभर देणंच राहील. पत्नी, दोन मुलं आणि आई-वडील यांच्यासाठी त्यातला एक रुपयाही उरणार नाही. पत्रात तुम्ही दोन इंजिनांबद्दल दोन पानं लिहिलीत. पाच माणसं तुमच्या पगारावर अवलंबून आहेत, याबद्दल एक ओळही नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे मुदतीत तुम्हाला काही झालं तरच पैसे देणारा विमा, साठाव्या वर्षापर्यंतचा. तंबाखू नसेल तर वर्षाला वीस ते पंचवीस हजारांत बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तोही भार गेला. एक कोटीतून कर्ज फिटलं तरी ८४ लाख राहतात. आजच्या घरखर्चाने पंधरा वर्षांहून जास्त निघतील, तोवर धाकटी मुलगीही कमावती होईल. फॉर्म स्वतः भरा. मावा, सिगारेट, बीपी, जे असेल ते खरं लिहा. लपवलं तर क्लेमच्या वेळी उत्तरं बायकोला द्यावी लागतील.

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तुम्ही चौघं आहात, आई-वडील नाहीत, असं तुम्ही ओघात लिहिलंय. वडिलांचं वय ७० च्या पुढे आहे, त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. आधार कार्डावर होतं, याच आठवड्यात काढून घ्या. आई अजून सत्तरच्या आत आहेत, त्यांच्यासाठी ५ लाखांची स्वतंत्र पॉलिसी घ्या. तीस हजारांच्या आसपास जाईल, साखर किंवा बीपी असेल तर जास्त. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणून उशीर नको.

तुमचा बेत जसाच्या तसा पुढे नेला तर महिना कसा दिसेल, ते पाहा. घरखर्च ४५ हजार, गृहकर्ज साडेएकोणीस, पॉलिसीचे महिन्याला साडेबारा, गाडीचा हप्ता सव्वासहाच्या आत, डिझेल, इन्शुरन्स आणि दुरुस्तीचे पाच. एकूण ८८ हजार. दोघांचे मिळून येतात ८७. यात टर्म नाही, आईचा विमा नाही, मुलांसाठी एक पैसा बाजूला नाही. एफडीत उरतील दीड लाख, म्हणजे दोन-सव्वादोन महिन्यांचा खर्च. शिवाय एका हाताने १३ टक्क्यांचं कर्ज घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने पाच टक्क्यांत पैसा पंधरा वर्षं अडकवायचा. जो दीड लाख पॉलिसीत गेला, तो असता तर कर्ज ८० हजारांवर आलं असतं. कर्ज हवं तर पॉलिसी घ्या, असं कुणी सुचवलं असेल तर ऐकू नका. कर्जासाठी विमा घेणं सक्तीचं नसतं.

भाड्याचा एक रुपयाही हिशेबात धरू नका. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी परमिटशिवाय भाड्याने चालवता येत नाही. पकडली तर दंड होतो, गाडी अडकते. आणि वऱ्हाड घेऊन जाताना अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. मेव्हण्यांचा हेतू चांगला असेल, पण सही तुमची आहे.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न. आपल्याकडे इस्टेट गाड्या फारशा चालल्या नाहीत. टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, ऑक्टेव्हिया कॉम्बी आल्या आणि गेल्या. म्हणून लांब गाडीची आवड असणारा शेवटी लॉजीपाशी येतो, यात नवल नाही. दोन्ही गाड्यांत १.५ लिटरचं तेच डिझेल इंजिन आहे, रेनॉच्याच डस्टरमधलं. ८५ पीएसला पाच गिअर आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर), ११० ला सहा गिअर आणि २४५. सहा माणसं, बॅगा आणि एसी चालू ठेवून वघईपुढे घाट चढताना ११० चा फरक नक्की जाणवेल. ८५ ला गिअर खाली टाकावा लागेल, पण ती चढेल. शहरात गंमत उलटी होते. ११० ला दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बोची वाट बघावी लागते, म्हणजे जोर उशिरा येतो. दांडिया बाजारच्या गर्दीत ८५ जास्त सोयीची वाटते. २५ पीएससाठी ९० हजार, म्हणजे पीएसला छत्तीसशे रुपये पडले. वर्षातून दोनदा येणाऱ्या घाटासाठी हे फार झाले.

त्यात ११० दिल्ली पासिंगची. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण तिकडची एनओसी, इथे पुन्हा नोंदणी, गुजरातचा रोड टॅक्स, हे सगळं ५ लाख ३० हजारांच्या वर धरावं लागेल. दोनमधूनच निवडायची असेल तर ८५ घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या, कारण तो तुटला तर इंजिन उघडावं लागतं. किलोमीटर काट्यावर नाही, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघा. बीएस६ हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर २०२० मध्ये लॉजी बंद झाली. इंजिनाचे पार्ट डस्टरमुळे मिळतात, पण काच, दिवे आणि पत्रा शोधावा लागतो.

पण माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही नकोत. वर्षाचे आठ हजार किलोमीटर तुम्ही लिहिलेत. तुमच्याच यादीवरून मी बेरीज केली: नाशिकच्या दोन फेऱ्यांचे पंधराशे, गरुडेश्वरच्या चार फेऱ्यांचे सातशे, पावागड आणि डाकोरचे साडेचारशे, दोन लग्नांचे सहाशे. सव्वातीन हजार होतात. बाकी सगळं वॅगनआर करतेच आहे. एवढ्याशा धावण्यात डिझेल घेऊन पेट्रोलपेक्षा वर्षाला पाच हजार वाचतील, आणि ते एका इंजेक्टरच्या दुरुस्तीत जातील. डिझेल, इन्शुरन्स आणि दुरुस्तीचे ६० हजार, किंमत घटण्याचे ५० हजार. म्हणजे किलोमीटरला चौतीस रुपये पडले. ड्रायव्हरसकट इनोव्हा किंवा अर्टिगा भाड्याने करा. नाशिकच्या तीन दिवसांच्या एका फेरीला सोळाएक हजार, एका दिवसाच्या फेरीला तीन हजार धरले, तरी वर्षाचं सगळं साठ-बासष्ट हजारांत होतं. आई-वडिलांना घेऊन घाटातून जाताना तुम्हालाही मागे निवांत बसता येईल.

पॉलिसीचे पैसे परत आले की एफडी पुन्हा सहा लाखांजवळ जाईल. त्यातले चार लाख सहा महिन्यांच्या खर्चासाठी वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. महिन्याला साडेबावीस हजार शिल्लक राहतात. टर्म आणि आईच्या विम्याचे पाच हजार वजा करा. मुलासाठी आठ हजारांचं आरडी किंवा तसंच सुरक्षित साधन: पाच वर्षांत पावणेसहा लाख. मुलीला दहा वर्षं आहेत, तिच्यासाठी इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, चार हजारांची एसआयपी. तिथे दहा टक्के धरून चाला, कुणी पंधरा-अठराचा आकडा सांगितला तरी. उरलेले पाच-साडेपाच हजार गाडीसाठी. वॅगनआरची नोंदणी २०२८ पर्यंत आहे, तोवर हे पैसे आणि एफडीतले दोन लाख मिळून बिनकर्जाची गाडी घेता येईल. तेव्हा इंजिनाबद्दल पुन्हा लिहा, मी आवडीने उत्तर देईन.

आता उद्याचं काम. पॉलिसी परत करायचा अर्ज विमा कंपनीला द्यायचा, मॅडमना नाही. "फ्री-लुक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे, अटी मान्य नाहीत" असं लिहा. पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि बँक खातं टाका. कंपनीच्या शाखेत नेऊन शिक्का मारलेली पोच घ्या आणि तोच अर्ज ई-मेलनेही पाठवा. वैद्यकीय तपासणी, स्टँप ड्युटी आणि झालेल्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकी परत येतात. मॅडमचा फोन येईल, "मी पुढच्या आठवड्यात घरी येते, मग बघू" म्हणून. असे आठवडे जात राहिले की मुदत संपते, हे त्यांना माहीत असतं. नम्रपणे सांगा, अर्ज दिला आहे. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. तिथेही काम झालं नाही तर अहमदाबादला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. पोच हातात आली की तिचा फोटो मला पाठवा.