मार्च अखेरीस बर्फ बघायचा तर शिमला की मनाली?

पुण्याहून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाच जण जाणार असाल आणि बर्फ हवाच असेल, तर शिमला सोडा, मनाली धरा. शिमला साधारण २,२०० मीटरवर आहे आणि तोवर तिथला बर्फ बहुतेक वितळलेला असतो. मनाली गावातही रस्त्यावर फारसा मिळणार नाही, पण ९ किलोमीटरचा अटल बोगदा (२०२० पासून सुरू) ओलांडला की लाहौल लागतं आणि तिथे सिस्सू-कोकसरकडे त्या दिवसांत बर्फ सहसा टिकून असतो. रोहतांग खिंड तेव्हा बंदच असते, त्यामुळे कुणी पॅकेजमध्ये ‘रोहतांग’ लिहून दिलं तर आधी नीट विचारा.

विद्यार्थ्यांच्या बजेटात: झेलम एक्सप्रेसने पुणे ते अंबाला, तिथून चंदीगड, मग सेक्टर ४३ च्या बसस्थानकावरून मनालीची रात्रीची बस. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. होळीची गर्दी या गाडीला चांगलीच जाणवते. जाड कोट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. थर्मल आणि लोकरीचे मोजे मात्र इथूनच न्या.

एकच अडचण: ताजी बर्फवृष्टी झाली तर बोगद्यापलीकडे पर्यटकांना सोडत नाहीत. म्हणून मनालीत एक दिवस मोकळा ठेवा आणि परतीचं तिकीट अगदी कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवसाचं काढू नका.