बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीत अजून काय उरलंय?

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले, घरात तीन पिढ्यांपासून गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा आणि मी सध्या जमशेदपूरला दुकान बघतो. इथून घाटशिलाकडं जाताना राखा माइन्स नावाचं स्टेशन लागतं, तिथली तांब्याची जुनी खाण परत चालू होणार म्हणतात. आमचे चुलते म्हणतात, पाण्यानं भरलेली खाण म्हणजे मेलेलं जनावर, त्यात काय राहिलंय. भाचा दहावी झालाय, तो मायनिंगचा डिप्लोमा करायचा म्हणतोय. खरंच त्या खाणीत काही उरलंय का? – एक वाचक, विटा

उत्तर : दादा, उरलंय, आणि भरपूर उरलंय असं माझं स्पष्ट मत आहे. मी नोकरीची बरीच वर्षं खाणीत काढलीत म्हणून सांगतो, धातूची खाण बहुतेक वेळा माल संपला म्हणून बंद होत नाही, परवडेना म्हणून होते. राखा 2001 ला बंद झाली. त्या सुमारास लंडनच्या बाजारात तांब्याचा भाव टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास घुटमळत होता, मे 2024 ला तोच भाव 11 हजारांच्या वर जाऊन आला. दगड तोच, तांबं तेवढंच, पण हिशोब पार बदलला. समजा दगडात एक टक्का तांबं आहे, म्हणजे टनभर दगड फोडून वर काढला, दळला, फेसावर तरंगवून भुकटी वेगळी केली की हातात जेमतेम 9-10 किलो येणार, त्यामुळं भाव पडला की पहिली कुऱ्हाड अशाच खाणीवर पडते.

आणि गरज बघा ना. एका इलेक्ट्रिक गाडीला 80 किलोच्या आसपास तांबं लागतं, साध्या गाडीला वीस-पंचवीस. 2018 ला तमिळनाडूतला तुतिकोरीनचा तांबं शुद्ध करायचा कारखाना बंद झाल्यापासून आपण शुद्ध तांबं बाहेरून आणतोय, 2023 ला केंद्र सरकारनं 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली त्यात तांबं आहे. म्हणूनच हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीनं राखा परत उघडायचं काम 2025 मध्ये जेएसडब्ल्यू समूहाच्या कंपनीकडं दिलंय.

आता पाण्याचं. चुलत्यांना म्हणावं टेंभू, म्हैसाळ बघा, पाणी एका टप्प्यातनं दुसऱ्या टप्प्यात उचलत उचलत आपण माळावर नेलंच की, खाणीचं पाणीही असंच टप्प्याटप्प्यानं वर काढतात. फक्त घाई चालत नाही, कारण इतकी वर्षं पाण्याचा दाब भिंतींना आधार देत असतो, तो एकदम काढला तर छत खाली येऊ शकतं, म्हणून पाणी उतरेल तसं प्रत्येक लेव्हलला हवा तपासायची, जुने नकाशे ताडून बघायचे, छताला आधाराचे बोल्ट ठोकायचे आणि मगच पुढं जायचं. माणसं याच टप्प्यात दगावतात, तिथं पैसे वाचवू नयेत एवढीच माझी कळकळ आहे.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते वेगळंच, आणि ते तुमच्याइतकं चटकन कुणाला कळणार नाही. तुम्ही अ‍ॅसिडमध्ये विरघळलेल्या चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडता, चांदी खाली बसते, पाणी निळं होतं आणि त्या निळ्या पाण्यात लोखंडाचा भंगार टाकला की तांबंही परत मिळतं. तांब्याच्या खाणीतही हेच होतं! दगडातल्या गंधकाचं हवा-पाण्यानं आम्ल बनतं, त्यात तांबं विरघळतं आणि ते पाणी ओढ्याला गेलं तर मासे आणि शेत दोन्ही गेलं. वेल्समधल्या पॅरिस माउंटनच्या खाणीत हेच पाणी तळ्यांमध्ये साठवून त्यात भंगार लोखंड टाकायचे आणि तळाला बसलेलं तांबं विकायचे, 18व्या शतकापासूनची गोष्ट आहे ही. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो तो मालच असतो. दळून उरलेल्या बारीक गाळाचंही तसंच, राखा आणि तिथल्याच सुरदा, मोसाबनी या खाणींच्या तांब्याच्या गाळातनं पूर्वी युरेनियमसुद्धा काढलेलं आहे. सोनाराच्या दुकानातला कचरा जाळून त्यातनं सोनं काढणाऱ्या माणसाला मी हे काय समजावणार. जुनी खाण उघडताना खाली किती दगड आहे एवढंच सगळे विचारतात, वर पडलेला गाळ आणि वाहून जाणारं पाणी कोण तपासत नाही. ते आधी तपासलं तर धातू मिळेल आणि गावचा ओढाही वाचेल.

भाच्याला जरूर पाठवा. डिप्लोमानंतर फोरमन, सर्व्हेअर, ब्लास्टर अशी धातूखाणीची सर्टिफिकेटं धनबादच्या डीजीएमएसकडनं, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडनं घ्यावी लागतात, त्याशिवाय खाली जबाबदारीचं काम मिळत नाही. आणि त्याला सुट्टीत तुमच्या दुकानात बसवा, अ‍ॅसिडची रीत हाताला लागू दे.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या खोदकामात हिरवेगार दगड निघालेत, गावात सगळे तांबं तांबं करतायत. आपल्याकडंही जुनी खाण असेल का? – एक वाचक, जत

उत्तर : बहुतेक नाही. आपला सगळा काळा पाषाण लाव्हाचा आहे आणि त्यातल्या पोकळ्यांमध्ये सेलॅडोनाइट नावाचं हिरवं खनिज भरलेलं असतं, तो हिरवा रंग लोखंडामुळं येतो, तांब्यामुळं नाही. तरी खात्री करायचीच असेल तर दगडाची पूड पातळ अ‍ॅसिडमध्ये ठेवा, हातमोजे घालून आणि उघड्यावर, आणि त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा तासभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मला परत लिहा, नाही आला तर विहिरीचं काम पुढं चालू ठेवा, पाऊस जवळ आलाय.