'वेर' गेला, वेअरवुल्फ राहिला

ताई, वेअरवुल्फमधलं 'वेअर' म्हणजे वॉज-वेअरमधलंच का? मुलीने विचारलं, मला सांगता आलं नाही.

नाही, दोघांचा काही संबंध नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमधे 'वेर' असा वेगळाच शब्द होता, अर्थ पुरुष. म्हणजे वेअरवुल्फ, गोष्टींतला लांडगा होणारा माणूस, हा पुरुष-लांडगा, आपण नरसिंह म्हणतो ना तशीच जोडणी, मुलीला असंच सांगा, पटकन कळेल. अकराव्या शतकात इंग्लंडच्या कनूट राजाच्या कायद्यांत 'वेअरवुल्फ' हा शब्द येतो, पण तिथे तो सैतानासाठी आहे, बिशपांनी मेंढपाळासारखं आपला कळप त्याच्यापासून राखावा असं म्हटलंय.

हा 'वेर' आपल्या 'वीर'सारखा वाटतो. इंग्लिशने संस्कृतमधून उचलला का?

सारखा वाटतो कारण नातं खरंच आहे! पण उचललेला नाही, आणि हे मी दरवेळी सांगते कारण व्हॉट्सॅपवर उलटंच फिरत असतं. दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून आलेत, चुलत भावंडं म्हणा हवं तर. लॅटिनमधे 'विर' म्हणजे पुरुष, त्यावरून इंग्लिशमधला 'व्हर्च्यू' (सद्गुण) आला, लिथुआनियनमधे आजही पुरुषाला 'वीरस' म्हणतात. आपल्याकडे तोच शब्द शूर माणसाचा झाला.

मग इंग्लिशमधून तो गेला कसा? काहीच उरलं नाही?

तेव्हा 'मॅन' म्हणजे कुणीही माणूस, बाई असो की पुरुष. बाईसाठी 'वीफ' होता (तोच आजचा वाइफ), आणि वीफ अधिक मॅन मिळून वूमन झालं. हळूहळू 'मॅन' पुरुषापुरताच वापरायला लागले, नवऱ्याला वेर म्हणायचे तिथे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, लोकांकडून आलेला 'हजबंड' बसला, आणि तेराव्या शतकाच्या आसपास वेर बोलण्यातून गेला. पण उरलाय हो, आणि कुठे, तर 'वर्ल्ड'मधे! वेर अधिक वय किंवा काळ, म्हणजे माणसाचं युग, त्यावरून माणसांचं जग. डच 'वेरेल्ड'मधे तो अजून स्पष्ट दिसतो. मला स्वतःला हा सगळ्यात आवडतो, रोज शंभरदा बोलला जाणारा शब्द आणि आत हा बसलाय.

'वेर' असलेला दुसरा शब्द 'वेरगिल्ड', म्हणजे जुन्या कायद्यात माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई. वेसेक्स या इंग्लंडमधल्या जुन्या राज्यात साध्या शेतकऱ्याची २०० शिलिंग आणि सरदाराची १२००, म्हणजे जिवाची किंमत दर्जावर ठरायची, वाचताना वाईट वाटतं.

'वॉर' पण वीरावरूनच ना?

नाही. तो नॉर्मन फ्रेंचमधून आला, मूळ जर्मानिक (इंग्लिश, जर्मन, डच यांचं भाषाकुळ), अर्थ गोंधळ, भांडण.