सुगम दस्तऐवज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इतिहासाच्या टिपणांची पीडीएफ मी विद्यार्थ्यांना पाठवली. टिपणे मराठीत असूनही एका अंध विद्यार्थ्याचा मोबाइल ती वाचताना निरर्थक इंग्रजी अक्षरे उच्चारतो. असे का व्हावे? (शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : आपली टिपणे बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असावीत. अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देतो; टॉकबॅक किंवा एनव्हीडीए यांसारख्या पडदावाचकाला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मात्र ते रूप दिसत नाही, तो साठवलेले संकेतच वाचतो. मूळ वर्ड फाइल फॉन्ट-परिवर्तक सॉफ्टवेअरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या प्रमाण संकेतपद्धतीत, आणावी आणि नंतर ती डोळ्यांखालून घालावी, कारण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे या रूपांतरात हमखास बिघडतात. त्याच वेळी प्रकरणांची नावे नुसती ठळक न करता त्यांना ‘हेडिंग’ ही शैली द्यावी. तसे केले म्हणजे विद्यार्थ्याला सगळी टिपणे पहिल्यापासून ऐकत न बसता एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जाता येते. पीडीएफ करताना ‘प्रिंट’चा मार्ग टाळून ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरावे. प्रिंटच्या वाटेने शीर्षकांची ही रचना गळून पडते. पाने स्कॅन केलेली असतील, तर ती निव्वळ छायाचित्रे ठरतात आणि त्यांवर आधी ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याची प्रक्रिया, करावे लागते.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर केळीचे भाव रोज चित्ररूपात येतात. गटातील एक शेतकरी दृष्टिहीन आहेत. काय करता येईल? (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : भाव साध्या मजकुरात लिहून पाठवावेत. चित्राचा आग्रहच असेल, तर त्याखालच्या ओळीत तेच आकडे द्यावेत. फुलापानांच्या चौकटीत बसवलेला भाव मला तरी कोणाच्याच सोयीचा वाटत नाही.

प्रश्न : संकेतस्थळ सुगम करणे पतसंस्थेला कायद्याने बंधनकारक आहे काय? (पतसंस्था कर्मचारी, धुळे)

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 46 नुसार सेवा देणारी संस्था शासकीय असो वा खासगी, तिने सुगमतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यावयाची आहे आणि सार्वजनिक सेवांच्या व्याख्येत बँकिंग व वित्त यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नियमांमधील मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची असून चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात ठरवले. त्यामुळे थांबून राहण्यात अर्थ नाही. संकेतस्थळावरची फिकट राखाडी अक्षरे गडद करण्यापासून सुरुवात करावी. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगमतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या एए (मधल्या) स्तरानुसार साध्या आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 : 1 इतका प्रकाशभेद (कॉन्ट्रास्ट) लागतो.

प्रश्न : आम्ही अहिराणी विनोदी चित्रफिती यूट्यूबवर टाकतो. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मजकूरपट्टी अहिराणीत द्यावी की मराठीत? (कलावंत, शिरपूर)

उत्तर : माझ्या मते दोन्ही द्याव्यात. विनोदाची लय अहिराणीतच कळते. परंतु अनेक कर्णबधिर मुलांचे वाचन शाळेतल्या प्रमाण मराठीवर झालेले असते. यूट्यूबवर एकाच चित्रफितीला निरनिराळ्या भाषांच्या पट्ट्या जोडता येतात आणि प्रेक्षक हवी ती निवडतो. अहिराणीसाठी स्वयंचलित पट्टीवर विसंबू नये, संवाद स्वतः टंकावेत. बोलणारा पडद्याबाहेर असेल तर त्याचे नाव लिहावे, आणि ‘दार आपटल्याचा आवाज’ यांसारखी नोंदही कंसात द्यावी, कारण तुमच्याकडे निम्मा विनोद अशा आवाजांवरच उभा असतो.