उंची कमी असली तर स्टॉपर खेळता येत नाही का?

प्रश्न : नमस्कार काका, मी १७ वर्षांचा, वेंगुर्ल्याजवळच्या गावातला. आमच्या फुटबॉल टीममध्ये मी स्टॉपर (गोलसमोर मधोमध उभा राहणारा डिफेंडर) खेळायचो पण आता सर म्हणतात तुझी उंची कमी, हेडरला मार खाशील, विंगवर जा. माझी उंची ५ फूट ७ इंच आहे. मला मागेच खेळायचंय. काय करू?

उत्तर : अरे, तुझ्यापेक्षा जेमतेम एक इंच उंच असलेला माणूस इंग्लंडचा सेंटर हाफ होता, म्हणजे तुमचा स्टॉपरच, आणि कॅप्टनपण. बिली राइट. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स (वुल्व्ह्ज) सोडून दुसऱ्या कुठल्या क्लबकडून लीग खेळलाच नाही, तीनदा लीग जिंकली, १९४९ चा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधला मोठा नॉकआउट कप, उचलला. इंग्लंडकडून १०५ मॅचेस, त्यातल्या ९० कॅप्टन म्हणून. देशासाठी शंभर मॅचेस खेळणारा जगातला पहिला फुटबॉलर तोच, १९५९ साली. आणि एवढ्या सगळ्यात एकदाही रेफ्रीने त्याला बाहेर काढलं नाही, हे मला तर सगळ्यात भारी वाटतं, कारण बुटका डिफेंडर म्हटला की लोकांना वाटतं हा पाय घालूनच अडवणार.

पोरगा असताना त्यालाही वुल्व्ह्जच्या मॅनेजरने, फ्रँक बकलीने, तू फार लहान आहेस म्हणून घरी पाठवायचं ठरवलं होतं, मग विचार बदलला म्हणून तो राहिला.

आता नीट वाच. आधी तो हाफ बॅक, म्हणजे स्टॉपरच्या जरा पुढे बाजूला, खेळायचा. नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने झोडपलं, त्यात हंगेरीच्या पुश्काशचा एक गोल आहे तो जमलं तर व्हिडिओत बघच. पुश्काश गोलच्या उजव्या अंगाला बॉल घेऊन उभा, बिली जोरात घसरत आला, पुश्काशने तळव्याने बॉल मागे ओढला आणि बिली रिकाम्या जागेवरून सरळ पुढे निघून गेला, मग डाव्या पायाने गोल. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला हंगेरीने पुन्हा ७-१ ने हरवलं. लोक म्हणाले असतील संपला हा, तिशी आली. पण त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या वर्ल्डकपमध्ये नेहमीचा सेंटर हाफ जखमी झाला म्हणून बिलीला मधे उभं केलं आणि तो तिथेच जमला, पुढची पाच वर्षं तीच जागा. १९५७ ला युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलरच्या मतदानात दुसरा आला, पहिला रिअल माद्रिदचा दि स्टेफानो.

कसं जमलं? उडी जबरदस्त होती आणि बॉल कुठे पडणार ते आधी ओळखायचा. उंच फॉरवर्डला उडायला जागा लागते, तू त्याच्या आधी उडालास तर त्याची उंची वाया जाते. आणि घसरायची घाई करू नकोस, आपल्याकडे पावसात लाल चिखलावर घसरलास की पाच हात लांब जातोस, तोवर समोरचा गोल मारून मोकळा.

संध्याकाळी ओहोटीला पुळणीवर जा, मऊ वाळूत उड्या मार, कोणाला तरी उंच बॉल टाकायला सांग आणि टायमिंग पक्कं कर. सरांशी वाद घालू नकोस, त्यांना फक्त एवढं विचार की सर, दोन प्रॅक्टिस मॅचमध्ये मधे उभं करा आणि मग ठरवा. तोवर विंगवर खेळायला सांगितलं तर मनापासून खेळ, बिलीपण तिशीपर्यंत दुसऱ्याच जागेवर होता.