एलईडी भिंतीसाठी मोशन ग्राफिक्स: नवोदितांना सल्ला

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीच्या (ओतकाम कारखान्याच्या) वितरक मेळाव्याचे काम मिळाले, की ॲनिमेशनला हात घालण्यापूर्वी एलईडी भिंतीचे पिक्सेल विचारून घ्यावेत. ३.९ मिमी पिचच्या (दोन पिक्सेलमधल्या अंतराच्या) ५०० मिमी चौरस पॅनेलमध्ये १२८ × १२८ पिक्सेल असतात, म्हणजे ६ × ३ मीटरची भिंत १५३६ × ७६८ची होते. मी पहिल्या कामात १९२० × १०८०ची फाइल दिली, ती भिंतीवर ताणली गेली आणि मालकांच्या देखत बोधचिन्हातले दातेरी चक्र अंड्यासारखे लांबट दिसले. मराठी मजकूर मात्र व्हिडिओतच रेंडर करून, म्हणजे चित्राचा भाग बनवून, न्यावा, कारण सभागृहातील लॅपटॉपवर आपला फॉन्ट नसल्यास ‘उद्योजक’मधले जोडाक्षरही फुटू शकते. पांढरी पार्श्वभूमी टाळावी. भाषण करणाऱ्याचा चेहराच त्यापुढे काळवंडतो.